कोयना जलविद्युत् प्रकल्प
कृष्णेची उपनदी कोयना हिच्यावर सातारा जिल्ह्याच्या पाटण तालुक्यात उभारलेला प्रकल्प. धरणाचे पाणी सह्याद्रीतील बोगद्यांतून पश्चिमेस पोफळीच्या भूमिगत वीजगृहात सोडतात. तेथे १९६२ मध्ये वीजनिर्मिती सुरू झाली. प्रकल्पाची एकूण क्षमता १,९६० मेगॅवॉट आहे. थंड पडलेले कोळशाचे वीजकेंद्र चालू होण्यास काही तास लागतात. येथील जनित्रे काही मिनिटांत भार उचलतात, हेच त्यांचे खरे मोल. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपात कोयनानगर उद्ध्वस्त झाले आणि धरणास तडे गेले, तरी ते टिकले. पश्चिमेस वळविलेले पाणी मात्र कृष्णाखोऱ्यास परत मिळत नाही; म्हणून बचावत लवादाने या वापरास वर्षाला ६७.५ अब्ज घनफुटांची मर्यादा घातली. उन्हाळ्यात सांगली जिल्ह्याची भिस्त धरणातून पूर्वेस सोडल्या जाणाऱ्या पाण्यावर असते.