शुद्ध रक्त की निरोगी पिल्लू? डाल्मेशियनचा ३८ वर्षांचा वाद

१/ आपल्या कुत्रीला पिल्ले होऊ द्यावीत का? या प्रश्नाचे उत्तर बहुतेक जण वंशावळीच्या कागदात शोधतात. आईबाप अस्सल असतील तर जोड लावायला हरकत ती काय? हा निकष किती तोकडा आहे, हे एका ठिपकेदार कुत्र्याच्या इतिहासाने दाखवून दिले. त्याचाच हा धागा. #इतिहास

२/ १८५९ साली इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे पॉइंटर आणि सेटर या शिकारी कुत्र्यांचे प्रदर्शन भरले. १८७३ मध्ये ब्रिटनचा केनेल क्लब आणि १८८४ मध्ये अमेरिकन केनेल क्लब स्थापन झाला. पूर्वी कुत्र्याची पारख प्रामुख्याने कामावरून होई. आता रूप आणि वंशावळ यांना मान आला. हळूहळू नोंदवह्यांची दारे मिटली आणि बाहेरचे रक्त निषिद्ध ठरले.

३/ डाल्मेशियन हा घोडागाडीच्या बरोबरीने धावणारा कुत्रा. मोटारी आल्या, गाडीचे काम सरले. उरले ते ठिपके. ते जितके ठसठशीत आणि सुटे, तितका कुत्रा देखणा मानला जाई. त्या देखण्या कातडीखाली मात्र एक दोष पिढ्यान्‌पिढ्या चालत आला होता.

४/ इतर कुत्र्यांच्या शरीरात युरिक आम्लाचे रूपांतर सहज विरघळणाऱ्या अ‍ॅलँटॉइनमध्ये होते. डाल्मेशियनच्या लघवीतून मात्र युरिक आम्ल मोठ्या प्रमाणात बाहेर पडते. अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ स्टॅनली बेनेडिक्ट यांनी १९१६ च्या सुमारास हे नोंदवले. प्रत्येकाला त्रास होतोच असे नाही. पण काहींना मूतखडे होतात. नराच्या अरुंद मूत्रनलिकेत खडा अडकला की लघवी तुंबते आणि प्रकरण जिवावर बेतते.

५/ १९३८ मध्ये ट्रिंबल आणि कीलर यांनी डाल्मेशियनचा इतर कुत्र्यांशी संकर करून दाखवले की हा दोष अप्रभावी जनुकाचा आहे. आई आणि बाप दोघांकडूनही सदोष जनुक आले, तरच तो प्रकट होतो. म्हणजे कारण आणि उपायाची दिशा, दोन्ही कळली होती. तरीही पुढची ३५ वर्षे नोंदणीकृत वाणात काहीच बदलले नाही.

६/ खरी मेख पुढेच होती. एरवी दोष असलेले जनावर वगळून निरोगी जोडी निवडता येते. येथे शुद्ध वाणातील जवळजवळ प्रत्येक कुत्र्याकडे सदोष जनुकाच्या दोन्ही प्रती होत्या. निवडायला निरोगी जनुक घरात उरलेच नव्हते. ते बाहेरूनच आणावे लागणार होते.

७/ १९७३ मध्ये अमेरिकन आनुवंशशास्त्रज्ञ रॉबर्ट शायबल यांनी ते धाडस केले. त्यांनी डाल्मेशियनचा इंग्लिश पॉइंटरशी एकच संकर घडवला. त्या पिल्लांची जोड पुन्हा शुद्ध डाल्मेशियनशी लावली. प्रत्येक वेताच्या सरासरी निम्म्या पिल्लांना निरोगी जनुक मिळे. लघवी तपासून ती ओळखायची आणि पुढची पिढी त्यांच्यापासूनच वाढवायची.

८/ पॉइंटरचा वाटा दर पिढीला निम्मा होत गेला: १/२, १/४, १/८... पाचव्या पिढीत तो १/३२, म्हणजे सुमारे ३ टक्के उरला. १९८१ मध्ये अमेरिकन केनेल क्लबने अशा दोन कुत्र्यांची नोंद केली. वाणाच्या राष्ट्रीय क्लबमधून विरोध उसळला आणि पुढची नोंदणी थांबली. आक्षेप एकच: रक्त परके आहे.

९/ २००८ मध्ये संशोधकांनी दोषी जनुक नेमके ओळखले. लघवीऐवजी डीएनए तपासून निवड करणे शक्य झाले. २०१० मध्ये ब्रिटनच्या केनेल क्लबने अमेरिकेतून आलेल्या फिओना या संकरवंशातील मादीची नोंद केली. २०११ मध्ये अमेरिकन क्लबनेही दार उघडले. एका संकराला मान्यता मिळायला ३८ वर्षे लागली.

१०/ वंशावळ पूर्वज कोण ते सांगते. त्यांनी वारशात काय दिले ते सांगत नाही. म्हणून जोड लावण्यापूर्वीचे प्रश्न वेगळे आहेत. या वाणात कोणते आनुवंशिक रोग आहेत? दोन्ही जनावरांची तपासणी झाली आहे का? निकाल प्रतिकूल आला तर थांबण्याची आपली तयारी आहे का? बाळंतपण अडले तर पशुवैद्य आणि पैसा हाताशी आहे का? जे पिल्लू कोणी नेणार नाही, ते आपण सांभाळणार का?

११/ भारतातही २०१७ च्या नियमांनी श्वानप्रजननाचा व्यवसाय करणाऱ्यांना नोंदणी बंधनकारक केली. परंतु कायदा किमान मर्यादा आखतो. विवेक त्याच्या पलीकडे सुरू होतो. वरच्या एकाही प्रश्नाशी आपण अडखळत असू, तर ‘सध्या नाही’ हेही जबाबदार उत्तरच आहे.

१२/ १९३८ नंतर डाल्मेशियनच्या बाबतीत उणीव ज्ञानाची नव्हती. ठाऊक असलेल्या दोषासाठी प्रतिष्ठेला मुरड घालण्याची तयारी नव्हती, आणि त्याची किंमत कागदांनी नव्हे, कुत्र्यांनी मोजली. (समाप्त)