शौचाच्या नमुन्यातील रोगकारकाचा शोध

४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते भिलाईच्या पोलाद कारखान्यातील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. त्याच वर्षी ३० मे रोजी ‘नेचर’ नियतकालिकात कोलकात्याचे विकृतिशास्त्रज्ञ शंभुनाथ डे यांचा एक छोटा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. पहिल्या घटनेची देशभर चर्चा झाली. दुसरीची दखल घेण्यास जगाला बरीच वर्षे लागली. तरीही भिलाईतील अतिसाराच्या रुग्णाचा शौचाचा नमुना आज प्रयोगशाळेत तपासला जातो, तेव्हा त्या तपासणीमागील विचारात डे यांच्या कार्याचा वाटा असतो.

या तपासणीतील मूळ अडचण गर्दीची आहे. निरोगी माणसाच्या शौचातही असंख्य जिवाणू असतात. त्यांतून रोगकारक कोणता, हे ओळखायचे कसे? १८८४ च्या प्रारंभी रॉबर्ट कॉख यांनी कोलकात्यात पटकीच्या जंतूचे शुद्ध संवर्धन केले आणि संवर्धनाचा मार्ग रूढ झाला.

दुसरी अडचण अंतराची. कोलकाता भिलाईपासून आठशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. एवढ्या प्रवासात, विशेषतः उन्हाळ्यात, पटकीचे जंतू इतर जिवाणूंच्या वाढीपुढे टिकत नाहीत. मद्रासजवळील गिंडी येथील किंग इन्स्टिट्यूटमधील वेंकटरामन आणि रामकृष्णन यांनी १९४१ मध्ये यावर साधा उपाय प्रसिद्ध केला: समुद्री मीठ आणि पेप्टोन यांचे अल्कधर्मी द्रावण. त्यात हे जंतू बर्फाशिवाय अनेक दिवस जिवंत राहतात.

डे यांनी पुढचा प्रश्न हाती घेतला. सशाच्या आतड्याचा एक भाग दोऱ्याने बांधून त्यात त्यांनी पटकीच्या संवर्धनातील जंतुविरहित गाळलेला द्रव सोडला. आतड्यात द्रव साचला. रोग घडवणारे विष जंतू बाहेर सोडतात, हे त्यातून सिद्ध झाले. त्यापूर्वी १९५६ मध्ये त्यांनी याच पद्धतीने अतिसाराच्या रुग्णांतील ई. कोलाय जिवाणू तपासले होते. एरवी आतड्यात निरुपद्रवी राहणाऱ्या या जातीचे काही प्रकार रोगकारक असतात. म्हणून नुसते नाव ओळखून निदान पूर्ण होत नाही.

१९९२ च्या अखेरीस या शास्त्राची कसोटी लागली. मद्रासमध्ये आणि लवकरच कोलकात्यात पटकीसारखा अतिसार पसरला, पण रुग्णांच्या शौचातील जंतू पटकी ओळखण्याच्या नेहमीच्या ओ१ अँटिसीरमला प्रतिसाद देत नव्हते. प्रयोगशाळांनी त्यांना बाजूला सारले नाही. तपासाअंती तो नवा गट ठरला आणि त्याला ओ१३९ असे नाव मिळाले.

म्हणूनच शौचाचा नमुना शक्यतो प्रतिजैविक सुरू करण्यापूर्वी घ्यावा आणि विलंब होणार असल्यास योग्य द्रावणात पाठवावा. अहवालात जंतू आढळला नाही, याचा अर्थ एवढाच की जे शोधले ते सापडले नाही. उरलेल्या शक्यतांचा विचार वैद्यालाच करावा लागतो.