उपवाहिन्यांना श्रोते कोठून?

अमेरिकेंत २००२ सालीं डिजिटल नभोवाणीस संमति मिळाली; पुढें एकाच केंद्रास मुख्य कार्यक्रमाबरोबर उपवाहिन्याहि चालवितां येऊं लागल्या. परंतु त्या ऐकावयास नवें यंत्र हवें. यंत्र नाहीं तेथें श्रोता नाहीं, व श्रोता नाहीं तेथें जाहिरातदार फिरकत नाहीं. एफएमचा इतिहास हेंच सांगतो. आर्मस्ट्राँगला १९३३ सालीं पेटंटें मिळालीं. ध्वनि निर्मळ, तरी तीस वर्षें श्रोते थोडेच. १९६४ सालीं सरकारी आयोगानें मोठ्या शहरांत एएमचेच कार्यक्रम एफएमवर अर्ध्याहून अधिक वेळ लावण्यास मनाई केली. तेव्हां स्वतंत्र कार्यक्रम निघाले व श्रोते वळले. आज कित्येक उपवाहिन्या साध्या एफएमच्या लहान प्रक्षेपकांवरूनच लोकांपर्यंत पोंचतात. केवळ निर्मळ ध्वनीला श्रोता भुलत नाहीं. त्याला अन्यत्र न मिळणारें कांहीं हवें, आणि तेंहि हाताशीं असलेल्या यंत्रावर, असें आम्हांस वाटतें.