पुढचं चित्र

मिठाच्या सत्याग्रहावर शाळेतल्या मुलांपुढे बोलायचं, तेही शिरोड्यात, हे थोडं जोखमीचंच काम. 1930च्या मे महिन्यात जिथे हा सत्याग्रह झाला, ती मिठागरं इथल्या मुलांच्या रोजच्या ओळखीची. काही चुकीचं दाखवलं, तर पहिल्या बाकावरूनच दुरुस्ती येते. म्हणून मी तयारीनिशी गेलो होतो. संगणकात चाळीस चित्रं होती आणि हातात पुतण्यानं दिलेला बिनतारी माउस. हा माउस एरवी टेबलावर चालतो. पण त्याच्या पोटाकडे पाहिलं तर तिथे आणखी तीन बटणं आहेत. एक चित्र पुढे नेणारं, एक मागे नेणारं आणि एक पडदा काळा करणारं. उलटा करून मुठीत धरला की तो व्याख्यात्याचा रिमोट होतो.

मी तो सुलटाच धरून उभा राहिलो. बोलता बोलता बोट चाकावर घासलं आणि सत्याग्रहींची तुकडी गावात पोचण्याआधीच पडद्यावर त्यांची धरपकड दिसू लागली. मुलं खो खो हसली. मागून एकजण म्हणाला, “सर, तो उलटो धरूक होयो!”

उलटा धरला आणि पुढचा तास सुरळीत पार पडला. पण एक गोष्ट मनाला लागून राहिली. संगणकाशेजारी आठवीतली एक मुलगी बसवली होती. मी ‘पुढचं’ म्हटलं की तिनं कळ दाबायची, अशी शाळेनं योजना केली होती. मी तिला सहज म्हणालो, “बाळ, तू जाऊन बस, गरज नाही.” ती निमूटपणे उठली. घरी येताना ते ‘गरज नाही’ कानात घुमत राहिलं, कारण लहानपणी त्या खुर्चीवर मी बसत असे.

चित्र दाखवून गोष्ट सांगायची रीत आपल्या जिल्ह्याला नवी नाही. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजातले चित्रकथी पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आले. सुट्या कागदांवर रंगवलेल्या चित्रांची पोथी, साथीला वीणा, हुडूक, टाळ, आणि रामायण-महाभारतातलं आख्यान. एक प्रसंग सांगून झाला की ते चित्र बाजूला आणि पुढचं समोर. ही कला टिकवणारे परशुराम गंगावणे यांना 2021मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा अनेकांनी तिचं नाव पहिल्यांदा ऐकलं. तिथे सांगणारा आणि चित्र बदलणारा असे दोघे नसतात. श्रोत्यांचे डोळे पाणावलेले दिसले की चित्र आणखी थोडा वेळ समोर राहतं. कुठल्या प्रसंगावर किती रेंगाळायचं, हे त्या एका हाताला ठाऊक असतं.

जादूचा कंदील आला आणि हे काम दोघांत वाटलं गेलं. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनी 1892मध्ये ‘शांबरिक खरोलिका’ या भारदस्त नावानं कंदिलाचे खेळ सुरू केले. शंबरासुर मायावी, म्हणून शांबरिक. ल्युमिए बंधूंचा सिनेमा मुंबईच्या वॉटसन हॉटेलात दाखवला गेला तो 7 जुलै 1896 रोजी, म्हणजे त्यानंतर चार वर्षांनी. पटवर्धनांची चित्रं काचेवर हातानं रंगवलेली असत. एकाहून अधिक कंदील वापरून ते एका चित्रातून दुसरं उमटवत आणि पडद्यावरच्या आकृती हलल्याचा भास होई. निवेदन आणि गाणी एकीकडे, काचा सरकवणारे हात दुसरीकडे. ही जुळणी चुकली तर हनुमानाच्या उड्डाणाआधीच लंका पेटायची! पुढे त्यांचे मुलगेही या उद्योगात उतरले.

व्याख्यानांसाठीही कंदील वापरात आला. जगभरचे व्याख्याते काठी आपटून, नाहीतर घंटी वाजवून कंदीलवाल्याला खूण करत. कंदीलवाल्याचं काम दिसतं तितकं सोपं नव्हे. काच उलटी घालावी लागे, तेव्हा पडद्यावर चित्र सुलटं पडे. अंधारात घोटाळा होऊ नये म्हणून कोपऱ्यात एक ठिपका असे, त्यावर अंगठा ठेवूनच काच आत सरकवायची.

तो ठिपका मला शिकवला आमच्या इतिहासाच्या गुरुजींनी. कंदील जाऊन तोवर छोट्या स्लाइडचा प्रक्षेपक आला होता, ठिपका मात्र टिकून होता. गुरुजी जलदुर्गांवर गावोगाव बोलत आणि मी यंत्रामागे बसे. छत्रीचं टोक जमिनीवर आपटलं की पुढची स्लाइड. एकदा ठिपका चुकला आणि सिंधुदुर्ग डावा-उजवा उलटला. मला दरदरून घाम फुटला. गुरुजींनी एक क्षण पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “मंडळी, आज आपण किल्ल्याकडे पलीकडच्या समुद्रातून येतो आहोत.” त्या अंधारात बसून मी त्यांचं व्याख्यान तीसेक वेळा तरी ऐकलं असेल. छत्री कधी आपटणार, हे मला त्यांच्या श्वासावरून कळायला लागलं होतं. माझा इतिहास तिथे शिकून झाला, वर्गात नव्हे.

मग यंत्रांनी हळूहळू ती खुर्ची काढून घेतली. कोडॅकचा गोल चकतीचा ‘कॅरोसेल’ 1961मध्ये आला. चकतीत ऐंशी स्लाइड, आणि वायरच्या टोकाला बटण थेट वक्त्याच्या हातात. 2004मध्ये कोडॅकनं हे प्रक्षेपक बनवणं थांबवलं, कारण 1987मध्ये बाजारात आलेल्या ‘पॉवरपॉइंट’नं स्लाइडच संगणकात नेल्या होत्या. माउस त्याआधीचा. डग्लस एंगेलबार्ट यांनी तो 9 डिसेंबर 1968 रोजी सॅन फ्रान्सिस्कोत भर सभेत दाखवला. त्याच्या हालचाली मोठ्या पडद्यावर दिसत होत्या, म्हणजे माउसचं जाहीर पदार्पणच व्याख्यानात झालं म्हणायचं. त्याची शेपटी, म्हणजे वायर, पुढे गळाली.

माझ्या माउसची करामत पुतण्यानं समजावून सांगितली. संगणकाला खोचलेल्या इवल्याशा तुकड्याला तो रेडिओलहरींनी निरोप धाडतो. संगणकाच्या लेखी तो निरोप म्हणजे कळफलकावरची ‘पेज डाउन’ कळ दाबणं. म्हणजे मी दहा पावलांवरून दाबलेलं बटण आणि त्या मुलीनं शेजारी बसून दाबली असती ती कळ, यात संगणकाला काडीचाही फरक दिसत नाही.

माउसवर माझा राग नाही. चित्रकथ्याचा हात त्यानं मला परत दिला. मुलांच्या चेहऱ्यांकडे पाहत मी मिठाच्या चित्रावर हवा तितका थांबू शकलो. पडदा काळा करणारं बटण तर मला फारच आवडलं. ते दाबलं की मुलं चित्र सोडून माझ्याकडे बघायला लागतात.

पुढच्या महिन्यात शिरोड्यालाच, त्याच शाळेत, जलदुर्गांवर बोलायचं आहे. त्या मुलीसाठी निरोप ठेवला आहे की माउस तुझ्याकडे, आणि तो उलटा धरायचा. मी छत्री घेऊन येतो. सिंधुदुर्ग वेळेआधी पडद्यावर आला तर काय म्हणायचं, याचा विचार मी आतापासूनच करतो आहे.