रॅमची मिश्र जोडणी

डेस्कटॉप संगणकात आधीच्या रॅमशेजारी निराळ्या क्षमतेची रॅम बसवून एकूण स्मृती वाढवणे, उदा., ४ जीबीच्या जोडीला ८ जीबी लावणे, म्हणजे रॅमची मिश्र जोडणी. जुनी रॅम वाया जात नाही, म्हणून कुर्डुवाडीसारख्या गावात हिशेबाला किंवा मुलांच्या अभ्यासाला घेतलेल्या संगणकाचे आयुष्य वाढवायला ती सोयीची पडते. जोडणीनंतर डिस्प्ले आला नाही, की पहिला संशय क्षमतेतील फरकावर जातो. बहुतेक वेळा तो निराधार असतो.

खरी अडचण पिढीची असते. डीडीआर-३ रॅमला २४० पिना असून ती १.५ व्होल्टवर चालते. डीडीआर-४ ला २८८ पिना आणि १.२ व्होल्ट लागतात. डीडीआर-५ च्या पिनाही २८८च, पण खाच वेगळ्या जागी आणि व्होल्टेज १.१. दुसऱ्या पिढीच्या स्लॉटमध्ये जोर लावून बसवलेली रॅम स्लॉटसकट जाते. कुर्डुवाडीकरांना हा फरक रुळांवरून कळेल. १८९७ साली सुरू झालेल्या बार्शी लाइट रेल्वेच्या रुळांमधले अंतर ७६२ मिमी होते, मुख्य मार्गाचे १,६७६ मिमी. त्यामुळे माल एका वाघिणीतून उतरवून दुसरीत भरावा लागे. पिढीतील फरक हा असा गेजचा फरक आहे. क्षमतेतील फरक म्हणजे एकाच रुळावरची आठ डब्यांची आणि सोळा डब्यांची गाडी.

वेग जुळला नाही तरी सहसा बिघडत नाही. प्रत्येक रॅमवरील छोट्या चिपमध्ये तिची माहिती नोंदलेली असते. ती वाचून बोर्ड सर्वांना सर्वांत मंद रॅमच्या चालीने चालवतो. २४०० आणि २६६६ ची जोडी २४०० वर चालते. ४ आणि ८ जीबीच्या जोडीत बरेच बोर्ड दोन्हींचे चार-चार जीबी दुहेरी चॅनेलने वापरतात व उरलेले ४ जीबी थोड्या मंद अशा एकेरी चॅनेलने. एवढ्या फरकासाठी जुनी रॅम काढून टाकण्यात अर्थ नाही. स्मृती अपुरी पडून संगणक हार्डडिस्कवर लिहू लागला, तर होणारा खोळंबा याहून कितीतरी मोठा असतो.

फसगत होते ती चिपांच्या रचनेत. जी-४१ चिपसेटच्या जुन्या बोर्डांना ४ जीबीची डीडीआर-३ रॅम सोळा चिपांची लागते. आठ चिपांची बहुधा ओळखली जात नाही किंवा निम्मीच दिसते. एच-६१ चे बोर्ड एका स्लॉटला ८ जीबीपर्यंतच घेतात. स्वस्तात मिळणाऱ्या काही रॅम फक्त एएमडीच्या बोर्डांवर चालतात, आणि सर्व्हरमधून काढलेली रजिस्टर्ड रॅम साध्या डेस्कटॉपवर चालतच नाही.

तपासणी एकेका रॅमने करावी. वायर काढून पॉवरचे बटण काही सेकंद दाबून ठेवावे, कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावावा आणि मग रॅम काढावी. सोनेरी पट्टी खोडरबराने हलकी घासून भुगा झटकावा. स्लॉटमधली धूळ मऊ ब्रशने काढावी. खटका बसल्याचा आवाज येईपर्यंत रॅम दाबावी. आधी नवी एकटी, मग जुनी एकटी, प्रत्येक स्लॉटमध्ये लावून पाहावी आणि शेवटी दोन्ही. चार स्लॉट असतील, तर बहुतेक बोर्डांत प्रोसेसरकडून दुसरा व चौथा वापरतात. तरीही डिस्प्ले आला नाही, तर वायर काढून सीएमओएसचा नाण्याएवढा सेल काही मिनिटे काढून पुन्हा बसवावा.

बायोसमध्ये पूर्ण आकडा दिसतो, पण विंडोजमध्ये कमी, तेव्हा दोष बहुधा रॅमचा नसतो. ३२ बिटची विंडोज ४ जीबीपलीकडे जात नाही आणि ६४ बिटच्या विंडोज ७ होम बेसिकची मर्यादा ८ जीबी आहे. कधी एमएसकॉन्फिगमध्ये कमाल स्मृतीची खूण राहून गेलेली असते, तर कधी थोडा हिस्सा बोर्डावरचे ग्राफिक्स घेते.

संगणक सुरू होतो, पण मध्येच अडकतो किंवा निळा पडदा येतो, तेव्हा मेमटेस्ट८६+ हे रॅम तपासणारे सॉफ्टवेअर रात्रभर चालवावे. यूपीएस नसेल आणि वीज गेली, तर चाचणी पहिल्यापासून करावी लागते. एकही चूक दिसली तरी ती दुर्लक्षू नये. दोन्ही रॅम एकेकट्या निर्दोष आणि एकत्र सदोष निघाल्या, तर बायोसमधले एक्सएमपी हे वेग वाढवणारे सेटिंग बंद करून वेग एक पायरी उतरवावा. त्यानेही जमले नाही, तर नवी रॅम बदलून घ्यावी. खरेदीला जाताना जुनी रॅम आणि बोर्डाचे नाव सोबत न्यावे. नव्या रॅमवरचे स्टिकर मात्र काढू नये, ते फाटले की वॉरंटी बहुधा नाकारली जाते.