निजामाचा इंग्रज बॅरिस्टर आणि आपले तेरा महिने

17 सप्टेंबरला सकाळी झेंडावंदन होतं, स्वामी रामानंद तीर्थांच्या फोटोला हार घातला जातो, दोन-चार भाषणं होतात. भाषणात निजाम येतो, कासीम रझवी येतो, सरदार पटेल येतात. एक नाव मात्र मी आजवर एकाही भाषणात ऐकलं नाही. सर वॉल्टर मॉन्क्टन. मोगलाईतल्या आपल्या बीडचं पुढं काय होणार, याची बोलणी जिथं चालली होती तिथं हा इंग्रज बॅरिस्टर निजामाच्या बाजूनं बसलेला होता. म्हणून आज त्याच्यावर लिहितोय. जरा लांब आहे, पण वाचा.

मॉन्क्टनचा जन्म 1891 चा, इंग्लंडातल्या केंट परगण्यातला. शिक्षण हॅरो आणि ऑक्सफर्डला. शाळेच्या संघात विकेटकीपर होता. एका डोळ्यानं जवळपास दिसत नव्हतं, तरी पहिल्या महायुद्धात पलटणीबरोबर फ्रान्सला गेला आणि मिलिटरी क्रॉस घेऊन परत आला. 1919 मध्ये बॅरिस्टर झाला. 1936 मध्ये इंग्लंडचा राजा आठवा एडवर्ड प्रेमापायी गादी सोडायला निघाला, तेव्हा राजा आणि पंतप्रधान यांच्यात निरोप नेणारा, कागद तयार करणारा वकील हाच. दोन हट्टी बाजूंना एका कागदावर आणायचं, ही त्याची खासियत.

अशा वकिलाला निजामानं सल्लागार नेमलं, यात नवल नाही. पैशाला तोटा नव्हताच. प्रश्न पैशानं सुटणारा नव्हता, एवढंच.

जून 1947 मध्ये निजाम मीर उस्मान अली खान यांनी जाहीर केलं की आपण भारतातही जाणार नाही आणि पाकिस्तानातही नाही. इंग्रजांच्या कायद्यानं संस्थानांवरचं ब्रिटिश सार्वभौमत्व संपत होतं, त्याचा हा निजामी अर्थ. 15 ऑगस्टला शेजारच्या नगर जिल्ह्यात तिरंगा फडकला. सीमेच्या अलीकडं, बीडमध्ये, तोच झेंडा लावणं गुन्हा होता. स्वामीजींना त्याच दिवशी अटक झाली.

मॉन्क्टन भाबडा नव्हता. चारी बाजूंनी भारत, समुद्र नाही, बहुसंख्य प्रजा हिंदू. असं राज्य एकटं टिकणार नाही, हे त्याला कळत होतं. पूर्ण विलीनीकरण टाळून भारताशी सन्मानानं करार करायचा, असा मार्ग तो काढत होता. माउंटबॅटन त्याचा जुना मित्र. ऑक्टोबरमध्ये ‘जैसे थे’ कराराचा मसुदा तयार झाला. निजामाच्या मंत्रिमंडळानं तो बहुमतानं मंजूरही केला. राहिली होती फक्त सही.

आणि इथं आपल्या मराठवाड्यातला एक वकील मध्ये आला. कासीम रझवी. लातूरला वकिली करणारा, आता इत्तेहादुल मुसलमीनचा अध्यक्ष आणि रझाकारांचा म्होरक्या. 27 ऑक्टोबर 1947 ला पहाटे हजारोंच्या जमावानं हैदराबादेत मॉन्क्टन, पंतप्रधान छत्तारीचे नवाब आणि सर सुलतान अहमद यांच्या घरांना वेढा घातला. शिष्टमंडळ दिल्लीला जाऊ द्यायचं नाही, हा हेतू. फौजेनं त्यांना बाहेर काढलं. निजामानं सही पुढं ढकलली, मॉन्क्टननं राजीनामा दिला.

पुढं गंमत बघा. नवं शिष्टमंडळ गेलं, महिनाभर घासाघीस झाली आणि 29 नोव्हेंबरला जवळपास त्याच मसुद्यावर सही झाली. मग त्या वेढ्यानं मिळवलं काय? एकच गोष्ट. हैदराबादेत हुकूम कुणाचा चालतो, हे सगळ्यांना कळलं.

मॉन्क्टन 1948 मध्ये पुन्हा आला. जूनमध्ये शेवटचा प्रयत्न झाला. माउंटबॅटननं आजारी पटेलांना डेहराडूनला गाठून निजामाला बऱ्याच सवलती देणाऱ्या मसुद्यावर त्यांची संमती मिळवली. तरी निजाम नाही म्हणाले. माउंटबॅटन 21 जूनला भारतातून गेले आणि मॉन्क्टनचं काम संपलं.

मी कोर्टाच्या बातम्या बरीच वर्षं केल्यात. अशील ऐकेनासा झाला की चांगला वकीलही कसा हतबल होतो, हे पाहिलंय. पण तिथं हरल्याची किंमत अशील भरतो. इथं ती खेड्यापाड्यांनी भरली. रझाकारांनी गावं लुटली, जाळली. माणसं सीमा ओलांडून नगर-सोलापूरकडं पळाली. सीमेवर स्टेट काँग्रेसच्या सशस्त्र छावण्या उभ्या राहिल्या. 13 सप्टेंबरला पोलीस ॲक्शन सुरू झाली. जालन्याकडून आलेली फौज लातूरमार्गे मोमिनाबादला, म्हणजे आपल्या अंबाजोगाईला पोचली. 17 तारखेला निजाम शरण आले.

त्यानंतरचंही सांगायला हवं, कारण तेही भाषणात येत नाही. फौजेच्या मागोमाग ज्यांचा रझाकारांशी काडीचा संबंध नव्हता, असे कित्येक मुसलमान मारले गेले. नेहरूंनी पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीनं संस्थानभरातल्या बळींचा आकडा 27 ते 40 हजार असा अंदाजला. ज्या आठ जिल्ह्यांना जास्त झळ बसली, त्यांत बीडचंही नाव आहे. दोन्ही वेळी मेली ती साधी माणसं, ज्यांना कुठल्याच मसुद्याबद्दल कुणी विचारलं नव्हतं.

मॉन्क्टन पुढं खासदार झाला, चर्चिलच्या मंत्रिमंडळात कामगारमंत्री, मग संरक्षणमंत्री झाला. 1960 मध्ये आफ्रिकेतल्या ऱ्होडेशिया-न्यासालँड संघराज्याची पाहणी करणारा आयोग त्याच्याच नावानं ओळखला गेला. तिथल्या काळ्या बहुसंख्य जनतेचा तीव्र विरोध आयोगानं नोंदवला आणि प्रदेशांना फुटून निघण्याचा हक्क असावा असं सुचवलं. 1963 मध्ये ते संघराज्य मोडलं. 1965 मध्ये मॉन्क्टन वारला.

न्यासालँडच्या माणसाचं म्हणणं त्याच्या अहवालात आलं. बीडच्या माणसाचं त्याच्या एकाही मसुद्यात आलं नाही. मी त्याला खलनायक म्हणत नाही. तो निजामाचा वकील होता. आपलं वकीलपत्र त्या टेबलावर कुणाकडंच नव्हतं.

त्या तेरा महिन्यांत शहाणी झालेली पिढी आता नव्वदीच्या पुढं आहे. घरात, गल्लीत असं कुणी असेल, हिंदू असो की मुसलमान, तर या 17 सप्टेंबरला झेंडावंदन झाल्यावर त्यांच्याजवळ तासभर बसा. सांगतील ते गावाच्या नावासकट लिहून ठेवा.