पंचेचाळीस किलोचा गट

हळदीचा हंगाम लागला की वसमतच्या मोंढ्यात सगळं बोलणं वजनाचं होतं. पोतं किती भरलं, काट्यावर किती उतरलं, घट किती धरली. पोती उचलतात ते हमाल, म्हणजे पुरुष. बाया खाली बसून हळकुंडं निवडतात. माझी आत्या मात्र ज्वारीचं भरलेलं पोतं एकटीनं उंबऱ्याच्या आत घ्यायची. त्याला घरात कुणी ताकद म्हटलं नाही. ते काम होतं.

म्हणून हर्षदा गरुडबद्दल पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी अडकले ती पोत्यापाशीच. शाळकरी वयात तिनं पन्नास किलो तांदळाचं पोतं पाठीवर घेतलं होतं, असं बातम्यांत आलं होतं. ही मुलगी वडगाव मावळची. वडील प्लंबर, आणि वेटलिफ्टिंगचा नाद त्यांनाही होता. एरवी अशा ताकदीच्या मुलीला ‘दांडगट’ म्हणून गप्प बसवतात. हिला गावातल्याच बिहारीलाल दुबे यांच्या गुरुकुलात नेलं गेलं. गावात तालीम असणं आणि तिचं दार मुलींना उघडं असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

2020 साली गुवाहाटीच्या खेलो इंडिया स्पर्धेत तिला सुवर्ण मिळालं. पुढे 2 मे 2022 रोजी ग्रीसमधल्या हेराक्लिऑनला ज्युनिअर जागतिक स्पर्धेत ती उतरली. तिथला हिशेब मला अजून पाठ आहे. स्नॅचमध्ये, म्हणजे बार एका झटक्यात डोक्यावर नेण्याच्या प्रकारात, तिनं 70 किलो उचलले. तुर्कस्तानची जान्सू बेक्ताश 65 वर थांबली. क्लीन अँड जर्कमध्ये बार आधी खांद्यावर घेतात, मग वर. तिथं बेक्ताशनं 85 उचलले आणि हर्षदानं 83. पाच किलोंची आघाडी होती, त्यातले दोन गेले, तीन उरले. 153 विरुद्ध 150. ज्युनिअर जागतिक स्पर्धेत भारताचं ते पहिलं सुवर्ण. मीराबाई चानूलाही 2013 मध्ये या स्पर्धेत कांस्यच मिळालं होतं. त्याच जुलैमध्ये ताश्कंदला आशियाई ज्युनिअर स्पर्धेत हर्षदा 157 वर गेली आणि पुन्हा सुवर्ण घेऊन आली.

इथवरची गोष्ट सगळ्यांनी छापली. पुढची अडचण मात्र आकड्यांत दडलेली आहे. हा गट 45 किलोंचा होता, म्हणजे खेळाडूचं स्वतःचं वजन त्याहून जास्त नको. ऑलिम्पिकमध्ये तो गट नव्हताच. टोकियोला आणि पॅरिसला बायकांचा सगळ्यात हलका गट 49 चा. टोकियोत मीराबाईला त्यात 202 किलो उचलून रौप्य मिळालं. म्हणजे हर्षदापुढे दोन चढ होते: अंगावर चार किलो चढवायचे आणि बारवर पंचेचाळीसच्या आसपास. 2025 मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघानं गटच बदलले आणि सीनियर-ज्युनिअर स्पर्धांतून 45 चा गट गेला. 2028 च्या लॉस एंजेलिसला सगळ्यात हलका गट 53 चा आहे. लहान चणीच्या मुलींना हा खेळ आवडतो, पण खेळाला त्या किती आवडतात, कोण जाणे.

मुळात बायकांना या खेळात यायलाच उशीर झाला. पुरुषांचं वेटलिफ्टिंग 1896 च्या पहिल्या ऑलिम्पिकपासून आहे. बायकांची पहिली जागतिक स्पर्धा झाली 1987 मध्ये, आणि ऑलिम्पिकचा मंच मिळाला थेट 2000 साली, सिडनीत. तिथंच कर्णम मल्लेश्वरीचं कांस्य आपण साजरं केलं. त्याच स्पर्धेत सगळ्यात वजनदार गटात पोलंडच्या आगाता व्रूबेलनं 295 किलो उचलून रौप्य घेतलं. पुढे 2002 मध्ये वॉर्सात, आपल्याच लोकांसमोर, ती जगज्जेती झाली आणि 2004 मध्ये अथेन्सला कांस्य घेऊन आली. आणि मग? ती इंग्लंडात गेली आणि कचरा वेगळा करण्याच्या कारखान्यात कामाला लागली. तिच्या गटाला वरची मर्यादा नव्हती, ऑलिम्पिकचं दारही उघडं होतं. तरी पदकांवर पुढचं आयुष्य निघालं नाही. हर्षदाच्या वडिलांनी हे वाचलं असेल का, असं मला उगाच वाटून गेलं.

परवा मोंढ्यात एका ओळखीच्या हमालमामांना मी 83 चा आकडा सांगितला. ते पोत्याला पाठ टेकून उभे होते.

“पाठीवर?”

“नाही मामा, डोक्याच्या वर. हात ताठ करून, लोखंडाची दांडी.”

त्यांनी दोन्ही हात वर करून पाहिले, मग खाली घेतले.

“पोरीचं वजन किती?”

“पंचेचाळीस.”

“मंग ती तर पोत्याएवढीबी न्हाई,” असं म्हणून त्यांनी पुढचं पोतं खांद्यावर घेतलं.